प्रार्थनेला दहावा माणूस कुठून आणायचा?

कोचीच्या साडेचारशे वर्षांच्या सिनेगॉगमध्ये एकेकाळी माणसं भरपूर होती, पण त्यातल्या काहींना आत बाकावर बसायची मुभा नव्हती. एका वकिलानं ती मिळवून दिली. पण तोवर फार उशीर झाला होता का?

कोचीला गेलेला पर्यटक मट्टनचेरीला जातोच जातो. मिरी-वेलदोड्याचा वास येणाऱ्या वखारी, डच राजवाड्यातली भित्तिचित्रं आणि मग ज्यू टाउनच्या गल्लीच्या टोकाशी उभं असलेलं परदेशी सिनेगॉग. १५६८ साली बांधलेली ही ज्यूंची प्रार्थनागृहाची वास्तू. बाहेर चपला काढून आत शिरलं की पायाखाली निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या चिनी फरशा लागतात. अठराव्या शतकात त्या थेट चीनहून आणल्या. वर काचेची झुंबरं. बाहेर १७६० सालचा घड्याळाचा मनोरा, त्याच्या तबकड्यांवर वेगवेगळ्या लिप्यांतले आकडे. डोळे निवतात.

गाइड हे सगळं हौसेनं सांगतो. ज्या फरशांवरून आज कुठल्याही देशाचा, कुठल्याही धर्माचा माणूस तिकीट काढून फिरतो, तिथं एकेकाळी खुद्द काही ज्यूंनाच बाकावर बसायला मज्जाव होता, ही गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगतं.

आश्रयाला आलेल्यांनीच आखली रेघ

कोचीत ज्यूंची वस्ती फार जुनी. स्थानिक मलबारी ज्यूंची संख्या मोठी होती आणि त्यांची स्वतःची सिनेगॉग होती. पुढे १४९२ साली स्पेननं ज्यूंना हाकलून दिलं. त्यातली काही कुटुंबं फिरत फिरत सोळाव्या शतकात कोचीला पोचली. इतर देशांतूनही काही आली. हे ‘परदेशी’ ज्यू. कोचीनच्या राजानं त्यांना आपल्या राजवाड्याला आणि देवळाला लागून जागा दिली. परक्या धर्माच्या माणसांना एका हिंदू राजानं असं उंबऱ्याशी वसवलं.

पण आसरा मिळालेल्या या मूठभर गोऱ्या मंडळींनी आपल्या सिनेगॉगमध्ये मात्र वेगळी रेघ आखली. त्यांच्याकडचे काही गुलाम आणि त्या गुलामांची मुलंबाळं रीतसर ज्यू होऊन मुक्त झाली होती. हिब्रूत त्यांना मेशुह्रारीम म्हणत, म्हणजे ‘मुक्त केलेले’. नाव मुक्तीचं, पण जिणं बंधनाचं. मुख्य दालनातल्या बाकांवर त्यांनी बसायचं नाही. बाहेरच्या ओसरीवजा खोलीत, जमिनीवर नाहीतर पायरीवर बसून प्रार्थना ऐकायची. सणावारी तोरा, म्हणजे त्यांचा पवित्र ग्रंथ, वाचण्याचा मान त्यांना नाही. गोऱ्यांशी सोयरीक नाही. मेल्यावर दफनसुद्धा वेगळ्या जागी!

देव एक, ग्रंथ एक, उपवास एक आणि शनिवारचा शब्बाथही एकच. तरी माणसं दोन तऱ्हेची.

धर्मशास्त्राचा याला आधार होता का? तर मुळीच नाही. सोळाव्या शतकातच कोचीहून हा वाद कैरोला गेला होता. तिथले नामांकित धर्मपंडित डेव्हिड इब्न झिम्रा यांनी निर्वाळा दिला, की कुणी पूर्वी गुलाम असला तरी रीतसर दीक्षा झाली की तो पूर्ण ज्यू. त्याच्याशी लग्नसंबंध करायलाही हरकत नाही. निवाडा कोचीला आला आणि बासनात गेला. शास्त्रापेक्षा रूढी बलवान, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यातली काही कुटुंबं चिडून फोर्ट कोचीला निघून गेली. तिथं त्यांनी आपली वेगळी प्रार्थना सुरू केली. पण तो प्रयत्न टिकला नाही. मंडळी परत आली आणि पुन्हा पायरीवर बसली.

‘ज्यू गांधी’

याच समाजात १८८२ साली अब्राहम बराक सालेम यांचा जन्म झाला. मुलगा हुशार निघाला. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात शिकला, मद्रासला जाऊन वकील झाला. कोचीच्या ज्यूंमधला पहिला पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. कोचीन संस्थानच्या कायदेमंडळात ते अनेक वर्षं सभासद होते. कामगारांच्या संघटना त्यांनी बांधल्या. १९२९ साली संपूर्ण स्वराज्याचा ठराव झाला, त्या काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनालाही ते हजर होते. एर्नाकुलममध्ये ज्या उंचवट्यावर उभं राहून ते भाषणं ठोकत, त्याला लोक ‘सालेम कुन्नू’, म्हणजे सालेमची टेकडी म्हणू लागले.

कायदेमंडळात मानाची खुर्ची असलेल्या या माणसाला स्वतःच्या सिनेगॉगमध्ये मात्र बसायला बाक नव्हता!

तो काळही तसाच होता. १९२४ साली शेजारच्या त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला. देवळाभोवतीचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत, एवढीच मागणी होती. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुयायी उभे राहिले. सालेम यांनी गांधीजींचंच हत्यार उचललं आणि ते आपल्याच माणसांवर चालवलं. काही काळ त्यांनी सिनेगॉगवर बहिष्कार टाकला. पुढे त्यांनी तिथंच सत्याग्रह केला. आपल्या मुलांनाही त्यांनी तोच धडा दिला. ना दगडफेक, ना शिवीगाळ. फक्त ठरवून दिलेली जागा नाकारायची.

लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणू लागले. गोऱ्या मंडळींना हे रुचलं नाही, पण हळूहळू एकेक गाठ सुटत गेली. आधी मागचे बाक मिळाले, मग इतर मानही मिळू लागले. एका रात्रीत काहीच झालं नाही, वर्षानुवर्षं रेटा द्यावा लागला.

बाक मिळाला, बोहलं नाही

पण शेजारी बसणं वेगळं आणि सून-जावई करून घेणं वेगळं. सालेम यांचे चिरंजीव बाल्फर आणि प्रतिष्ठित कोडर घराण्यातली मुलगी बेबी यांनी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा जुन्या जखमा पुन्हा उघड्या पडल्या. कोचीत विरोध इतका, की हे लग्न तिथं लागू शकलं नाही. १९५० साली ते मुंबईत लागलं. चारशे वर्षं जे कोचीत घडलं नव्हतं, त्याच्यासाठी मुंबईचा मांडव कामी आला.

अर्थात, मुंबईतही सगळं आलबेल नव्हतं. कोकणात शतकानुशतकं राहून मराठी झालेले बेने इस्रायल, ज्यांना आपण ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखतो, त्यांनाही हा अनुभव चुकला नाही. बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंपैकी काहीजण त्यांना आपल्या बरोबरीचे मानायला तयार नसत. रंगूनमध्ये तर सिनेगॉगच्या कारभारातल्या हक्कासाठी बेने इस्रायलांना कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३५ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. इस्रायलला गेल्यावरही ‘तुम्ही खरे ज्यू का?’ हा प्रश्न लग्नाच्या वेळी आडवा आला. जेरुसलेममध्ये धरणी धरली गेली आणि १९६४ साली कुठं हा पेच सुटला. मराठी माणसांनी इस्रायलच्या भूमीवर केलेला तो सत्याग्रहच होता.

याच समाजातल्या मुंबईच्या प्रसिद्ध डॉक्टर जेरुशा झिराड यांनी १९२५ साली ज्यू रिलिजस युनियन ही सुधारणावादी मंडळी उभारण्यात पुढाकार घेतला. प्रार्थना बायकांनाही समजावी, त्यात त्यांचाही वाटा असावा, हा त्यामागचा विचार. पायरीवरचा माणूस आत घेतला तरी सज्जात बसलेली बाई राहतेच, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

दार उघडलं, पण...

ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांच्या मेळ्याला ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ जण असले तर तोराची पोथी पेटीतून बाहेर निघत नाही. रब्बी असो वा नसो, दहावा माणूस हवाच.

१९४८ साली इस्रायल जन्माला आलं आणि कोचीच्या ज्यूंना तिकडची ओढ लागली. सुमारे अडीच हजारांच्या या समाजातले बहुतेकजण पन्नाशीच्या दशकात निघून गेले. जाणाऱ्यांना मदत करण्यात खुद्द सालेमच पुढे होते. ते स्वतः मात्र कोचीतच राहिले. १९६७ साली तिथंच त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी सिनेगॉगला चारशे वर्षं झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभाला आल्या, टपाल तिकीट निघालं. त्यानंतर परदेशी ज्यूंची कुटुंबंही एकेक करून पांगली.

गल्लीत भरतकामाचं दुकान चालवणाऱ्या सारा कोहेन २०१९ साली वयाच्या ९६व्या वर्षी गेल्या. त्यांच्या म्हातारपणी त्यांना जपलं ते एका मुस्लिम कुटुंबानं. आज परदेशी ज्यू बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. परगावचे ज्यू पाहुणे आले आणि दहाचा आकडा जमला, तरच प्रार्थना होते.

हा समाज भेदभावामुळे रिकामा झाला असं म्हणणं खोटं ठरेल. माणसं गेली ती नव्या देशाच्या ओढीनं. पण माणसं होती तेव्हाचा हिशेब तर करावाच लागेल. किती पिढ्या दारातल्या पायरीवर बसून सरल्या? आतले मोजताना त्यांना वगळलं गेलं. आता दहावा माणूस मिळावा म्हणून दाराकडे डोळे लागतात. येणारा कुठल्या रंगाचा, कुणाचा नातू, हे कुणी विचारत नाही.

आपल्या देवळात, मंडळात, सोसायटीत, अगदी घरच्या पंगतीतसुद्धा अशी एखादी पायरी असतेच. तिच्यावर कोण बसलंय, हे घर भरलेलं असतानाच वळून पाहायला हवं.