राजवाड्याच्या किल्ल्या आणि कुंचला

दिएगो वेलास्केझने स्पेनच्या चौथ्या फिलिपचे पहिले व्यक्तिचित्र ऑगस्ट १६२३मध्ये केले. तेव्हा चित्रकार २४ वर्षांचा होता आणि राजा १८ वर्षांचा. ऑक्टोबरात महिना २० डुकाट पगारावर त्याची दरबारी चित्रकार म्हणून नेमणूक झाली आणि पुढची ३७ वर्षे, मरेपर्यंत, तो या एकाच राजाच्या पदरी राहिला. लांबट चेहरा, पुढे आलेली हनुवटी, जाड खालचा ओठ: हे एकच तोंड त्याने किती वेळा रंगवले असेल! या राजाचा अंमल दूरवर पोचलेला होता. १६४०पर्यंत पोर्तुगालही त्याच्याकडेच असल्याने आपल्या गोव्याचा कारभारसुद्धा त्याच्याच नावाने चाले.

वेलास्केझ मूळचा सेव्हिल्याचा, जन्म १५९९चा. फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराकडे त्याची उमेदवारी झाली आणि १६१८मध्ये गुरूने त्याला जावईही करून घेतले. त्याच वर्षीचे अंडी तळणाऱ्या म्हातारीचे चित्र आज एडिनबरोला आहे. मातीच्या भांड्यात अंड्याचा पांढरा भाग नुकता गोठू लागला आहे. शेजारी पितळी खल, कांदा, सुरी आणि सुरीची वाडग्यावर पडलेली सावली. १९ वर्षांच्या मुलाने हे केले यावर विश्वास बसत नाही. स्वयंपाकघराकडे असे पाहणारा डोळा दरबारात जाऊन काय पाहील, याची चुणूक इथेच मिळते.

दरबारात त्याने थाटमाट जवळजवळ बाजूला सारला. प्रादो संग्रहालयात असलेल्या तरुण फिलिपच्या पूर्णाकृती चित्रात मुकुट नाही, राजदंड नाही. काळे कपडे, हातात एक कागद, मागे टेबल, एवढेच. राजा कोण हे त्याच्या उभे राहण्यावरून कळते. क्ष-किरण तपासणीत या चित्राखाली आधीची आकृती सापडली. वेलास्केझने पायांची ठेवण बदलून संपूर्ण चित्र पुन्हा बेतले होते. अशा दुरुस्त्या तो आयुष्यभर करत राहिला. त्याच्या हातून फार चित्रे झाली नाहीत, आज सव्वाशेच्या आसपास मानली जातात.

त्याचे एक कारण त्याचा संथपणा आणि दुसरे त्याची नोकरी. दरबारी चित्रकार हा राजवाड्याचा चाकर असे. सुरुवातीच्या काळात त्याचा शिधा राजाच्या न्हाव्यांच्या बरोबरीने ठरला होता. तिथून तो एकेक पायरी चढत गेला आणि १६५२मध्ये ‘आपोसेंतादोर’ झाला, म्हणजे राजाच्या निवासव्यवस्थेचा प्रमुख. कोणाला कुठली खोली, दालनांची साफसफाई, सरपण, प्रवासातले मुक्काम, सगळे त्याच्याकडे. कमरेला किल्ल्या आल्या आणि कुंचल्याचा वेळ गेला. या कामाने किती चित्रे गिळली म्हणून अभ्यासक हळहळतात. मलाही हळहळ वाटते. पण याच नोकरीमुळे त्याला राजवाड्यातली माणसे रोज, बेसावध असताना दिसत होती, हेही विसरता येत नाही.

त्यातली काही माणसे दरबाराच्या करमणुकीसाठी पाळलेली होती: विदूषक, ठेंगू माणसे. १६४४च्या सुमाराला त्याने अशाच एकाला जमिनीवर बसलेला रंगवले. पाय समोर पसरलेले, बुटांचे तळ आपल्याकडे, मुठी वळलेल्या. आणि नजर थेट आपल्यावर. ज्याला बघून हसायचे, तोच आपल्याला न्याहाळतो आहे. राजाला मिळालेली सगळी प्रतिष्ठा या चित्रात त्याला मिळाली आहे, आणि वेलास्केझचे मोठेपण मला सर्वांत जास्त इथे दिसते.

तेच हुआन दे पारेखाचे. पारेखा हा वेलास्केझचा गुलाम आणि कार्यशाळेतला मदतनीस. दुसऱ्या इटली दौऱ्यात, १६५०मध्ये रोमला, वेलास्केझने त्याचे चित्र केले आणि ते तिथल्या पँथिऑनमध्ये मांडले. खांदे ताठ, मान वळवलेली, एखाद्या सरदाराचा रुबाब. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेलास्केझने त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली, मात्र आणखी चार वर्षे सेवेची अट घालून. ज्या हाताने हे चित्र केले त्याच हाताने ती अट घातली, हे सोसत नाही. पुढे पारेखा स्वतः चित्रकार झाला. त्याचे १६६१चे ‘संत मॅथ्यूला पाचारण’ प्रादोत आहे.

राजा मात्र वेलास्केझच्या या नजरेला घाबरू लागला. १६५३मध्ये एका पत्रात त्याने कबूल केले, की नऊ वर्षांत आपले चित्र झालेले नाही. वेलास्केझच्या संथपणापुढे बसणे नको वाटते आणि आपण म्हातारे होतोय हे पाहणेही नको. त्यानंतर तो बसलाच. सुजलेले डोळे, ओघळलेले गाल, काळ्या कपड्यातले ते लहानसे चित्र मित्राने केल्यासारखे खरे आहे.

१६५६चे ‘लास मेनिनास’ जगाला माहीत आहे. सव्वातीन मीटर उंचीच्या या चित्रात राजकन्या मार्गारिता, तिच्या सख्या, ठेंगणी मारिबार्बोला, पेंगणारा कुत्रा, आरशात राजा-राणी आणि मोठ्या कॅनव्हाससमोर स्वतः चित्रकार. जवळ गेले की राजकन्येच्या बाहीवर नुसते करडे-लाल फटकारे उरतात. चार पावले मागे सरकले की रेशीम तयार होते.

चित्रातल्या वेलास्केझच्या छातीवर संत जेम्सच्या सरदारमंडळाचा लाल क्रूस आहे. तो नंतर रंगवला गेला, कारण हा मान त्याला १६५९मध्ये मिळाला. त्यासाठी कुळाची चौकशी झाली, शंभराहून अधिक साक्षी झाल्या. हाताने काम करून पोट भरणाऱ्याला तिथे प्रवेश नव्हता. म्हणून सुर्बारान आणि आलोन्सो कानो यांच्यासारख्या चित्रकारांनीही साक्ष दिली, की हा कधी धंदा म्हणून चित्रे विकत नव्हता. तरी मंडळ अडले, शेवटी पोपकडून सूट आणावी लागली. स्पेनच्या सर्वांत मोठ्या चित्रकाराला चित्रकला हा आपला व्यवसाय नाही असे सिद्ध करावे लागले, याची चीड येते.

१६६०मध्ये फिलिपची मुलगी मारिया तेरेसा फ्रान्सच्या चौदाव्या लुईला दिली. सरहद्दीवरच्या फेझंट बेटावरच्या भेटीची सजावट आणि वाटेतले मुक्काम वेलास्केझकडे होते. तिथून परतल्यावर तो आजारी पडला आणि ६ ऑगस्टला माद्रिदमध्ये गेला. काही दिवसांतच त्याची पत्नी हुआनाही गेली. मागे राहिलेल्या मालमत्तेवर राजवाड्याने हिशेबाच्या थकबाकीसाठी जप्ती आणली, आणि ते खाते मिटायला वर्षे लागली.