औद्योगिक समेट

मालक व कामगार यांच्यात उद्भवलेला किंवा उद्भवण्याचा संभव असलेला कलह त्रयस्थाच्या मध्यस्थीने व उभयपक्षी संमतीने मिटविण्याची पद्धती. समेट अधिकारी निवाडा देत नाही. तो दोन्ही पक्षांना समोरासमोर किंवा निरनिराळे बसवून त्यांचे म्हणणे ऐकतो, मागण्यांतील आग्रहाचा व घासाघिशीचा भाग वेगळा काढतो आणि तडजोडीचा मार्ग सुचवितो. लवाद व अभिनिर्णय यांहून ही पद्धती येथेच भिन्न ठरते. लवादाचा किंवा न्यायाधिकरणाचा निवाडा न पटला, तरी पक्षांना पाळावा लागतो. समेट अधिकाऱ्याची सूचना मात्र कोणताही पक्ष नाकारू शकतो. यास पद्धतीचा दुबळेपणा म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि स्वतः कबूल केलेली अट पाळण्याकडे माणसाचा कल अधिक असतो, हेही विसरता येत नाही.

ब्रिटनमध्ये १८९६ च्या कायद्याने शासकीय समेटास प्रारंभ झाला. भारतात १९२९ च्या व्यापार विवाद अधिनियमाने समेट मंडळे नेमण्याची तरतूद केली; पण ती प्रासंगिक होती. कायम स्वरूपाची यंत्रणा प्रथम मुंबई प्रांतात उभी राहिली. १९३४ च्या गिरणी संपानंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्याने मजूर अधिकारी हे पद निर्माण झाले व कामगार आयुक्त हा पदसिद्ध मुख्य समेटकार ठरला. १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद अधिनियमाने समेटाची कार्यवाही संपण्यापूर्वी केलेला संप बेकायदा ठरविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधिमंडळात त्यास कडाडून विरोध केला. काम करण्यास नकार देणे हा गुन्हा ठरविणे म्हणजे माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे होय, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा निषेध-संप झाला. समेट ऐच्छिक असावा की सक्तीचा, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबई प्रांताचे हे कायदे तेथे लागू नव्हते. पुढे औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ हाच तेथील कामगारांचा मुख्य आधार ठरला. त्यानुसार लोकोपयोगी सेवांत संपाची नोटीस मिळाल्यास समेटाची कार्यवाही बंधनकारक, तर इतर उद्योगांत अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविलेली होती. कार्यवाही १४ दिवसांत संपवावी असा दंडक असला, तरी प्रत्यक्षात ती महिनोन्‌महिने लांबे. समेट फसल्यास अहवाल शासनाकडे जाई आणि प्रकरण न्यायालयाकडे सोपवावे की नाही, हे शासन ठरवी. कामगाराच्या दृष्टीने ही मोठीच उणीव होती. कारण त्याचा दावा सुनावणीपूर्वीच खात्याच्या दप्तरात अडकून पडू शकत असे.

एकट्या कामगाराची स्थिती १९६५ पर्यंत याहून बिकट होती. त्याला कामावरून काढले, तर संघटनेने किंवा सहकाऱ्यांनी प्रश्न हाती घेतल्याखेरीज तो औद्योगिक विवाद मानला जात नसे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने वैयक्तिक बडतर्फीही विवाद ठरली. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे कारखाना म्हणजे बहुधा दहा-वीस माणसांची दालमिल किंवा जिनिंग, तेथे या दुरुस्तीचे महत्त्व मुंबईहून अधिक आहे. तेथे संघटना नसते, नेमणूकपत्र नसते, कित्येकदा मस्टरवर नावही नसते. समेटाच्या पहिल्या बैठकीत भांडण बडतर्फी न्याय्य होती की नाही याचे नसतेच. अर्जदार आपला कामगारच नव्हता, असे मालक सांगतो. अशा वेळी पगाराची पावती, उचलीची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक किंवा सहकाऱ्याचे निवेदन यांना मोल येते. अधिकाऱ्याला साक्षीदार व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते वापरावेत असा आग्रह अर्जदाराने धरावा. हिशेब पूर्ण मिळाल्याच्या कोऱ्या किंवा छापील कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून घेणे इष्ट. समेटाच्या कार्यवाहीत वकिलास पक्षाची बाजू मांडता येत नाही. संघटनेचा पदाधिकारी मात्र बोलू शकतो.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४७ चा अधिनियम रद्द झाला. समेट अधिकारी राहिला, समेट मंडळ गेले. सामान्यतः ४५ दिवसांत, संपाची नोटीस असल्यास १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. समेट फसल्यास ९० दिवसांच्या आत पक्षाला स्वतःच न्यायाधिकरणाकडे जाता येते. शासनाच्या मर्जीची अट उरलेली नाही. विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटल्यावर मात्र समेटाची कार्यवाही होत नाही. दुसरीकडे, संपापूर्वी नोटीस देण्याचे बंधन लोकोपयोगी सेवांपुरते न राहता सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाले. कार्यवाही चालू असताना व नंतरचे सात दिवस संप करता येत नाही. १९३८ च्या वादाचा हा नवा अवतार म्हणता येईल.

समेटात झालेल्या कराराचे बळ खाजगी करारापेक्षा मोठे असते. खाजगी करार सही करणाऱ्यांनाच बांधतो. समेटातील करार त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना, नंतर नोकरीस लागलेल्यांनाही, बंधनकारक असतो. म्हणूनच वाटाघाटीस कोण बसले आहे, हा प्रश्न कळीचा ठरतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात बहुसंख्य कामगार दत्ता सामंत यांच्यामागे होते. कायद्याने प्रातिनिधिक संघ मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ हाच होता. संपकऱ्यांच्या नेत्याशी अधिकृत करार करण्यास कायद्यात वाटच नव्हती, आणि ती काढली गेली नाही.

मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांच्या बाबतीत अडचण उलट आहे. त्यांच्या दराचे करार राज्य साखर संघ व मजुरांच्या संघटना यांच्यात, राजकीय नेत्यांच्या लवादामार्फत होत आले. शरद पवार व गोपीनाथ मुंडे यांचा लवाद प्रसिद्ध आहे. दर ठरतो, पण मजूर नेमका कोणाचा, कारखान्याचा की उचल देणाऱ्या मुकादमाचा, हे अनिश्चित राहते. त्यामुळे फडावर मजुरी बुडाली वा अपघात झाला, तर समेट अधिकाऱ्यापुढे मालक म्हणून कोणास बोलवावे, हाच पहिला पेच असतो.