चिंच झोपते, पोट्टं जागतं

अकोल्याहून बार्शीटाकळीला निघालेली दुपारची एसटी. बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन, आत खिडक्यांचा खडखडाट, मागे कुणाच्या तरी मोबाइलवर मोठ्यानं गाणं, दाराशी सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरची हुज्जत. आणि या गदारोळात विशीतला एक मुलगा ढाराढूर! मान आधी पुढे कलली, मग डावीकडे, शेवटी शेजारच्या अनोळखी आजोबांच्या खांद्यावर येऊन टेकली. आजोबा कोपरानं ढोसतात, "काहून रे बावा, रातभर काय करत होता?"

आजोबांनी मारला टोमणा, पण प्रश्न लाखमोलाचा आहे. धडधाकट, तरुण, तासाभरापूर्वीच चहा प्यायलेला माणूस भर दुपारी असा का कोसळतो? 'आळशी आहे' हे उत्तर फार सोपं आहे, म्हणूनच मला ते पटत नाही. त्या मुलाच्या कपाळामागे काय चाललंय ते पाहिलं, तर आजोबा कोपर मागे घेतील.

सुरुवात चुलीपासून करू. मेंदूचं वजन आपल्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण अंगातली वीसेक टक्के ऊर्जा तो एकटा खातो. ही ऊर्जा खर्चताना मागे एक पदार्थ उरतो, ॲडेनोसिन. चुलीत राख साचावी तसा तो जागेपणीच्या प्रत्येक तासाला मेंदूत साचत जातो. आणि गंमत म्हणजे ही राखच विस्तवावर पसरते! ॲडेनोसिन मेंदूतल्या पेशींवरच्या ठरावीक जागा गाठून बसतं आणि त्या पेशींना मंद करतं. झोपलो की राख उपसली जाते. पुरतं झोपलो नाही, तर अर्धी राख तशीच, आणि त्याच चुलीवर दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक.

मग चहा राख काढतो का? छे! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तेच. कॅफिनचा रेणू ॲडेनोसिनसारखा दिसतो. तो त्याच्या जागेवर रुमाल टाकतो आणि ॲडेनोसिन बिचारं उभंच राहतं. गर्दी तेवढीच आहे, फक्त तिला बसायला मिळत नाही. रुमाल उचलला गेला की सगळी झुंबड एकदम आत! शिवाय अंगातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच पाचेक तास लागतात. संध्याकाळी सातला टपरीवर घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन मध्यरात्रीही जागा धरून बसलेलं असतं.

इथवर ठीक. आता एक कोडं. वावरात जागलीला गेलेल्या कुणालाही विचारा. रानडुकरं आणि रोही हाकलत रात्र काढली, तर पहाटे चारला डोळ्यांवर दगड ठेवल्यासारखं होतं. आणि सकाळी आठला? तोच माणूस बऱ्यापैकी ताजातवाना! मधल्या चार तासांत राख तर वाढली. मग झोप गेली कुठे?

उत्तर चिंचेच्या झाडात आहे. संध्याकाळी चिंचेखाली उभं राहून वर पाहा: पानं जोडीजोडीनं मिटलेली असतात. पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटाही असाच मिटतो. सूर्य मावळला म्हणून, असंच कुणालाही वाटेल. 1729 मध्ये फ्रान्समधल्या द मेरां नावाच्या खगोलशास्त्रज्ञाचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यानं लाजाळूसारखं एक रोप अंधारात कोंडलं. ऊन नाही, सावली नाही, आणि तरी रोप सकाळी पानं उघडतंय, रात्री मिटतंय! झाडाच्या आत घड्याळ होतं.

तुमच्या आतही आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूखाली जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर, साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. त्यातली एक पेशी काढून काचेच्या बशीत जगवली, तर ती एकटीही दिवस-रात्र मोजत राहते. कशी? रहाटगाडग्यासारखी. पेशी एक प्रथिन बनवते, ते साचतं, पुरेसं साचलं की स्वतःचंच उत्पादन थांबवतं, मग हळूहळू विरतं, आणि विरलं की उत्पादन पुन्हा सुरू. गाडगी भरतात, रिती होतात, आणि एका फेऱ्याला लागतात सुमारे चोवीस तास! हा रहाट उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. त्यांनी तो पाहिला कुठे, तर पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या माशीत.

तर दोन यंत्रं आहेत. राख म्हणते झोप, घड्याळ म्हणतं थांब. सकाळी आठला घड्याळ जिंकतं म्हणून जागल केलेला माणूस ताजा दिसतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला मात्र घड्याळाचा हात जरा ढिला पडतो. जेवण झालेलं नसलं तरीही. आपल्या पूर्वजांना प्रथिनं-बिथिनं ठाऊक नव्हती, पण वामकुक्षीला त्यांनी जागा नेमकी तीच दिली.

आता बसमधल्या मुलाकडे येऊ, कारण वय हीच त्याची अडचण आहे. वयात येताना हे आतलं घड्याळ मागे पडू लागतं. झोप उशिरा येते, जाग उशिरा येते. शिवाय या वयात राखही सावकाश साचते. मोबाइलनं बिघडवलं म्हणावं, तर असाच बदल वयात येणाऱ्या माकडांत आणि उंदरांतही दिसतो, आणि त्यांच्याकडे रीचार्ज नसतो. टिल रोएनेबर्ग या जर्मन संशोधकानं हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या, तेव्हा आलेख विशीपर्यंत उशिराकडे चढत गेला आणि मग एकाएकी वळला. मुलींमध्ये साडेएकोणिसाच्या आसपास, मुलांमध्ये एकविसाच्या. किशोरवय संपल्याची खूण म्हणून त्यानं 2004 मध्ये हा वळणबिंदूच सुचवला.

त्यात मोबाइल भर घालतो हेही खरं. आपल्या डोळ्यात काही पेशी अशा आहेत, ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही. त्या फक्त 'बाहेर उजेड आहे' एवढा निरोप घड्याळाला पोचवतात. दृष्टी गेलेल्या काही माणसांचं घड्याळसुद्धा या पेशींच्या जोरावर सूर्याशी जुळलेलं राहतं. निळसर उजेड त्यांना विशेष कळतो. रात्री एकला उशाशी पडदा उजळला की त्या इमानदारीनं निरोप धाडतात: दिवस आहे!

जाता जाता आणखी एक. गावातलं हेमाडपंती देऊळ बांधलं गेलं त्या काळी बार्शीटाकळीची दुपार बार्शीटाकळीचीच होती. आता भिंतीवरच्या घड्याळातले बारा मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावरून येतात, आणि आपल्या डोक्यावर सूर्य सरासरी वीसेक मिनिटं उशिरा पोचतो. भिंत घाई करते, अंग सूर्याचं ऐकतं.

आता हिशेब मांडा. हा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय असं समजू. सोळाशे मीटर धावायचं म्हणून पहाटे साडेचारला रस्त्यावर. दिवसा कॉलेज, रात्री अकरापर्यंत अभ्यासिका. आतलं घड्याळ एकशिवाय झोपू देत नाही. झोप झाली साडेतीन तास, आणि या वयाला लागतात सात ते नऊ. रब्बीत तर आणखी मजा. शेतीची थ्री फेज लाइन आळीपाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला, स्प्रिंकलरचे पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्यात हलवायला घरातला कोण जातो? तरुण पोरगाच. थंडीत, विजेरीच्या उजेडात, सापकिरडाची धास्ती घेऊन. इतक्या जागरणानंतर तो दुपारी पेंगला नाही, तरच डॉक्टरला दाखवायला हवं!

मग रविवारी तो दोनला झोपून दहाला उठतो. आठवडाभर त्याच्या झोपेचा मध्यबिंदू पावणेतीनला होता, रविवारी सहाला. सव्वातीन तासांचं अंतर! हिवाळ्यात कैरोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे हा गडी दर शनिवारी रात्री जवळजवळ इजिप्तला जातो आणि सोमवारी पहाटे परत येतो. विमानाच्या तिकिटाशिवाय.

पण समजा, महिनाभर आठ तास नीट झोपूनही दुपारी डोळे मिटतात. मग काय? आधी एक फरक ध्यानात घ्या, थकवा वेगळा आणि झोप वेगळी. थकलेला माणूस आडवा पडेल पण झोपेलच असं नाही. झोपाळू माणूस बसल्या बसल्या जाईल. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातल्या मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये हेच मोजायला आठ साधे प्रश्न काढले: वाचताना, टीव्हीपुढे, प्रवासात, कुणाशी बोलताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली की चौकशी हवी.

चौकशीत काय काय निघतं! घोरणं: काही घोरणाऱ्यांची घशातली वाट झोपेत मिटते, श्वास दहा सेकंदांहून अधिक अडतो, मेंदू दचकून जागा होतो, पुन्हा झोपतो. तासाला तीस-तीस वेळा, आणि सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. सडपातळ तरुणातही हे होतं, टॉन्सिल मोठे किंवा जबडा लहान असला तर. लोहाची कमतरता: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह घटलं की थकवा तर येतोच, पण काहींचे पाय रात्री अंथरुणात वळवळत राहतात, झोपूच देत नाहीत. थायरॉइड मंदावणं, नैराश्य. आणि सर्दीची साधी गोळी! ती हिस्टामिनला अडवते म्हणून शिंका थांबतात. पण मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागं ठेवायचं काम करतं. जुन्या पिढीच्या गोळ्या तिथवर पोचतात आणि दिवाच मालवतात.

मला सगळ्यात चक्रावून टाकतं ते मात्र नार्कोलेप्सी. मेंदूत सुमारे आठ हजार सहाशे कोटी चेतापेशी. त्यातली लाखाच्याही आतली एक छोटी टोळी ओरेक्सिन नावाचा रेणू बनवते. 1998 मध्ये दोन वेगळ्या गटांना तो जवळजवळ एकाच वेळी सापडला, म्हणून त्याला नावंही दोन पडली. चढावर थांबलेल्या गाडीच्या चाकाखाली दगड लावतात तसं ओरेक्सिन जागेपणाला टेकू देतं. ही टोळी नाहीशी झाली, बहुधा आपल्याच प्रतिकारशक्तीनं भलत्याला शत्रू समजून मारली, की गाडी कधीही घरंगळते. वर्गात, जेवताना, बोलता बोलता. आणि काहींच्या बाबतीत विनोदावर खळखळून हसताच गुडघेच गळतात! शुद्ध असते, सगळं ऐकू येतं, पण अंग लुळं. स्वप्न पडताना स्नायूंना कुलूप लागतं, ते कुलूप भर दिवसा चुकून लागतं. झोपेतून जागं होताना लागलं, तर छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. आपल्याकडे त्या बसणाऱ्याला भूत म्हणतात. हा आजार बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो, आणि निदान होईपर्यंत मुलानं 'झोपाळू' हे नाव कित्येक वर्षं सोसलेलं असतं.

एसटीनं वेग कमी केला. झोपलेला मेंदू दार पुरतं लावून घेत नाही, फट ठेवतो. 1960 मध्ये इयन ऑस्वल्ड यांनी झोपलेल्या लोकांना नावांची यादी ऐकवली. परकी नावं बहुतेक वाऱ्यावर गेली, स्वतःचं नाव येताच मेंदूत लाट उठली. इंजिनाचा आवाज, गाणं, हुज्जत, आजोबांचं कोपर, यातल्या कशानंही न हललेला आपला मुलगा कंडक्टरच्या एका हाकेला, "बार्शीटाकळीऽऽ!", ताडकन उभा राहतो. ओठाच्या कडेची लाळ पुसतो, आजोबांकडे बघायचं टाळतो आणि उतरतो. रस्त्याकडेची चिंच या वेळी टक्क उघडी असते.