खिम्याचे गोळे: बाहेरून खमंग, आतून रसरशीत

खिम्याचा गोळा कढईत फुटतो किंवा ताटात चिवट लागतो, त्याला मसाला क्वचितच जबाबदार असतो. गोळ्याचे बरेवाईट चरबी, मीठ, ओलावा आणि मळणे या चार गोष्टींवर ठरते, तेही तेल तापण्याआधीच.

बोकडाच्या मांडीचा निव्वळ लाल खिमा तळल्यावर कोरडा पडतो. खांद्याचे मांस घेऊन त्यात एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी चरबी राहू द्यावी. ती वितळून आतला भाग मऊ ठेवते. खिमा दोनदा काढलेला असावा म्हणजे रेषा हाताला लागत नाहीत. मांस धुवायचे ते खिमा करण्याआधी. धुतलेला खिमा पाणी धरून ठेवतो आणि गोळा सुटतो.

अर्धा किलो खिम्याला साधारण दीड लहान चमचा मीठ पुरते. मीठ सर्वांत आधी घालावे. त्याने मांसातले मायोसिन हे प्रथिन विरघळून चिकट होते आणि गोळा स्वतःच धरून राहतो. खिमा बोटांना चिकटू लागला की मळणे थांबवावे. त्यापुढे मळत राहिल्यास गोळा रबरासारखा होतो. खिमा थंड असावा, नाहीतर हाताच्या उबेने चरबी पाघळते.

यानंतर आले-लसूण-मिरचीचे वाटण, जिरेपूड, गरम मसाला, चिरलेली कोथिंबीर आणि तीन मोठे चमचे डाळ्याचे पीठ घालावे. डाळ्यातला स्टार्च सुटणारा रस शोषून धरतो. त्याऐवजी दुधात भिजवून पिळलेला पावाचा गर चालतो आणि त्याने गोळे अधिक हलके होतात. कच्चा कांदा पाणी सोडतो, म्हणून तो अगदी बारीक चिरून पिळून घ्यावा किंवा आधी तांबूस परतून गार करावा. चव पाहण्यासाठी लहानशी टिकी तव्यावर पूर्ण भाजून खावी; मीठ-तिखट वाढवायचे ते याच वेळी.

हाताला तेल लावून लिंबापेक्षा लहान, भेग नसलेले गोळे वळावेत. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यास ते घट्ट बसतात. तेल 170 ते 175 अंश सेल्सिअस तापले की थोडे थोडे गोळे सोडून पाच-सहा मिनिटे तळावेत. एकदम जास्त सोडले तर तेल गार पडून गोळे तेल पितात. तेल फार कडक असेल तर बाहेरचा भाग करपतो आणि आत कच्चे राहते. कमी तेलात करायचे असल्यास आप्पेपात्र उत्तम. झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावेत, मग उलटून दुसरी बाजू खरपूस करावी.

अखंड मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात. म्हणून गोळ्याचा मध्य 71 अंशांपर्यंत तापायला हवा. कोंबडीच्या खिम्यासाठी 74 अंश. नुसत्या रंगावरून शिजल्याची खात्री होत नाही. स्वयंपाकाचा तापमापक हा भरवशाचा उपाय आहे.

तळलेल्या चरबीदार गोळ्याला जोड हवी ती आंबट आणि ताजी. एक वाटी कोथिंबीर, अर्धी वाटी पुदिना, दोन मिरच्या, दोन लसूणपाकळ्या आणि काळे मीठ अगदी थोड्या बर्फाच्या पाण्यात वाटावे. थंड पाण्यामुळे मिक्सरच्या उष्णतेने पाने काळवंडत नाहीत. हे वाटण अर्धी वाटी घोटलेल्या चक्क्यात मिसळले की चटणी गोळ्याला लपेटून राहील इतकी दाट होते. आंबटपणाने हरितद्रव्याचा रंग मळकट होतो, त्यामुळे लिंबू आयत्या वेळी पिळावे आणि चटणी त्याच दिवशी संपवावी. गोड-आंबट चव आवडणाऱ्यांसाठी चिंच, गूळ आणि खजुराची चटणी जिरेपूड घालून वेगळी ठेवता येते.

पाहुणे येणार असतील तर गोळे आदल्या दिवशी वळून झाकून फ्रीजमध्ये ठेवता येतात, मात्र खिमा ताजा हवा. तळलेले गोळे फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतात. उरलेले गोळे पुन्हा तळू नयेत, त्याने ते कोरडे होतात. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाच्या उकळत्या रश्श्यात सोडून आतपर्यंत गरम करावेत.