ताटातला जमाखर्च

खेड्यातले घर हिशेबाला कच्चे, असा शहरातल्या काही लोकांचा समज आहे. तो खरा नाही. दुधाचा रतीब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडलेला असतो. कोणत्या मजुराचे खाडे किती, हे घरधनिणीला तोंडपाठ असते. दुकानातली उधारी, सोसायटीचे कर्ज, खताची पोती, सगळ्याचा हिशेब असतो. म्हशीला पेंड किती घातली आणि तिने दूध किती दिले, याचा तर रोजच्या रोज ताळा होतो. हिशेब नसतो तो एकाच गोष्टीचा. घरातल्या माणसाच्या पोटात दिवसभरात काय गेले आणि किती गेले, हे कुणी लिहून ठेवत नाही.

मी अर्थशास्त्र शिकवतो. वैद्यकी हा माझा प्रांत नव्हे. परंतु अन्नाचाही जमाखर्च मांडता येतो, आणि तो मांडायला प्रयोगशाळा लागत नाही. घरातली वाटी, चमचा आणि पिठाचा डबा पुरे होतो. तेवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

अन्न म्हणजे शरीराचे सरपण. लाकूड जळते तशी त्याची उष्णता होते, आणि त्या उष्णतेचे माप म्हणजे उष्मांक. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तितका एक उष्मांक. बिस्किटाच्या पाकिटावर यालाच किलोकॅलरी म्हणतात आणि बोलताना लोक नुसते कॅलरी म्हणतात; तिन्ही एकच समजा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने माणसांना एका बंद खोलीत दिवसच्या दिवस ठेवून त्यांनी काय खाल्ले, अंगातून उष्णता किती निघाली, हे मोजले. त्याच्या प्रयोगांतून जे साधे कोष्टक निघाले ते आजही चालते. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर खाल्ली तर ४ उष्मांक, एक ग्रॅम प्रथिनाचे ४, आणि एक ग्रॅम तेलातुपाचे ९. बाकी विसरलात तरी चालेल, हा ९ चा आकडा मात्र लक्षात असू द्या. पुढे तोच आपल्याला फसवणार आहे.

आता भाकरीपासून सुरुवात करू या. तुम्ही म्हणाल, भाकरी काय तराजूत घालायची? मुळीच नाही. गिरणीत दळण टाकताना ते वजन करूनच घेतात ना? समजा ५ किलो ज्वारी दळून आणली. डब्यावर तारीख घाला आणि डबा रिकामा होईपर्यंत किती भाकऱ्या झाल्या, तेवढ्या रेघा भिंतीवर मारा. ६० भाकऱ्या झाल्या, तर एका भाकरीला सुमारे ८३ ग्रॅम पीठ लागले. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३४० उष्मांक असतात. म्हणजे तुमच्या घरची भाकरी २८० ची. शेजारणीच्या हातची भाकरी पातळ असेल, तिच्या ५ किलोत ८० होतील, तर ती २१० ची. आजकाल मोबाईलमध्ये उष्मांक मोजून देणारी साधने निघाली आहेत. ‘एक भाकरी’ म्हटले की ती झटकन आकडा सांगतात. पण कोणाच्या घरची भाकरी? हा प्रश्न त्या यंत्राला पडत नाही. एकदा दळणाचा हिशेब केला, की तुमचा आकडा तुमचा झाला आणि तो वर्षानुवर्षे पुरतो. बाजरी थोडी वर, गहू थोडा खाली. पण तो फरक इतका लहान आहे की त्यापायी डोके शिणवू नये.

भाताची गोष्ट निराळी. भात पाण्याने फुगतो, म्हणून भात मोजू नये, तांदूळ मोजावा. शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक. डाळीचे तेच, वाटीभर पातळ वरणात २५ ग्रॅम डाळ असेल, तर ८५ धरा. आणि वांगी, दोडका, पालेभाजी यांना तर सोडूनच द्या. शंभर ग्रॅम भाजीत २० ते ५० उष्मांक, त्याहून अधिक नाहीत. भाजीचे उष्मांक भाजीत नसतात, फोडणीत असतात.

इथे तो ९ चा आकडा आडवा येतो. चहाचा एक लहान चमचा तेल म्हणजे ४५ उष्मांक. पण तुमच्या घरचा चमचा कोणता? चहाचा, पोह्याचा की वाढायची पळी? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर खुणा असलेले लहानसे झाकण मिळते, ते धुऊन ठेवा. त्याने ५ मिलिलिटर पाणी मोजून आपल्या चमच्यात, पळीत, वाटीत घालून पाहा. वाटीतसुद्धा शंभरापासून दोनशे मिलिलिटरपर्यंत तफावत सापडेल. आपल्या आज्यांना चिपटे, मापटे, शेर, पायली यांचे कोष्टक तोंडपाठ असे. आपल्याला घरातल्या चमच्याचे माप ठाऊक नाही, ही काही फारशी प्रगती म्हणता यायची नाही.

तेल रोज मोजायचा कंटाळा येत असेल, तर महिन्याने मोजा. पाच माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागले, तर माणशी रोजचे सुमारे २७ मिलिलिटर झाले. त्याचे उष्मांक जवळजवळ २२०. देवाच्या दिव्याचे तेल काय ते वजा करा. साखर ५ किलो लागली, तर माणशी रोज ३३ ग्रॅम, म्हणजे १३० च्या वर. वाण्याच्या चिठ्ठीवरून हे आकडे पाच मिनिटांत निघतात.

आता चहा. खेड्यात कोणाच्या दारी गेले की चहा नाकारता येत नाही, हे मला ठाऊक आहे. दिवसाचे पाच चहा आणि दर चहाला दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर. २०० उष्मांक झाले, दूध वेगळेच. म्हणजे पाऊण भाकरी पिऊन झाली आणि ‘आज काही खाल्लेच नाही’ असे म्हणायला आपण मोकळे! उपासाचेही तसेच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने काढली, तो हिशेबी माणूस असला पाहिजे. शंभर ग्रॅम साबुदाणा ३५०, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट १६५, आणि वर १५ ग्रॅम तूप १३५. बशीभर खिचडी साडेसहाशेला जाते. दोन भाकऱ्या खाऊन उठला असता तर उपास अधिक कडक झाला असता. उपासाला माझा विरोध नाही. उपासाच्या दिवशी पोट हलके राहिले, या समजुतीला आहे.

हा हिशेब लिहायचा केव्हा? रात्री निजताना नव्हे. आठवणीवर मांडलेला हिशेब नेहमी कमी भरतो. माणसे खोटे बोलतात असे नाही, पण खळ्यावर तोंडात टाकलेले शेंगदाणे, पातेल्याच्या तळाची खरवड, पोराने टाकलेला अर्धा लाडू, हे आठवणार कसे? शरीरात किती ऊर्जा खर्च झाली, हे विशेष प्रकारचे पाणी पाजून अचूक मोजण्याची रीत १९८२ पासून माणसांसाठी वापरात आली. लोकांनी स्वतः लिहिलेला आहार या रीतीशी ताडून पाहिला, तेव्हा पुष्कळांचा लेखी आहार खऱ्याहून कमी निघाला. म्हणून जेवून हात धुतला की लगेच खूण करावी. दुधाच्या रतीबाशेजारीच करा. भाकरीला रेघ, चहाला टिंब, तळलेल्या पदार्थाला फुली. बारा महिने हा उद्योग करायला मी सांगत नाही. महिन्यातून तीन दिवस पुरेत. मात्र त्यांतला एक बाजाराचा दिवस असावा. त्या दिवशीची भजी नि भेळ वगळून मांडलेला हिशेब हा निवडणुकीतल्या आश्वासनासारखा समजावा.

आणि आता मुख्य गोष्टीकडे येतो. मघाशी तेल-साखरेचा हिशेब आपण माणशी काढला. माणशी म्हणजे सरासरी. आणि सरासरीवर आम्हां अर्थशास्त्रवाल्यांचा फार लोभ. पण ताटात सरासरी वाढली जात नाही. म्हणून त्या खुणा घराच्या नावाने करू नका, माणसाच्या नावाने करा. सासरेबुवांची ओळ वेगळी, मुलाची वेगळी, सुनेची वेगळी.

आपल्या देशातल्या माणसाला किती उष्मांक लागतात, याचे कोष्टक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये नव्याने दिले. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठे काम असेल तर २११० आणि मध्यम कष्टाचे असेल तर २७१० उष्मांक. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामाला १६६० आणि मध्यम कष्टाला २१३०. गरोदर असेल तर त्यावर ३५० अधिक. आणि अंगावर पाजणारी असेल, तर पहिले सहा महिने ६०० अधिक, पुढचे सहा महिने ५२०. बेरीज करून पाहा बरे. कष्टाचे काम करणाऱ्या आणि तान्हे मूल पाजणाऱ्या सुनेची गरज होते २७३०. म्हणजे तिच्याइतकेच कष्ट करणाऱ्या तिच्या नवऱ्यापेक्षा वीस उष्मांक अधिकच!

आणि तिच्या ओळीवर काय निघते? समजा, सर्वांची जेवणे आटोपल्यावर तिच्या वाट्याला दिवसाकाठी तीन भाकऱ्या आल्या, ८४०. दोन वेळचे वरण, १७०. तीन चहांची साखर १२० आणि त्यातले दूध १००. भाजी तळाला गेलेली, तेव्हा तेल फार तर १५ ग्रॅम, १३५. एकूण १३६५. बरोबर निम्मे. उरलेले निम्मे कुठून येते? तिच्या अंगावरून येते. त्याच घरात दिवसभर ओट्यावर बसणाऱ्या सासरेबुवांच्या ओळीवर मात्र चार भाकऱ्या, पाच टिंबे आणि दोन फुल्या आढळायच्या. हे मी एका कल्पित घराचे आकडे मांडले, पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे १९ जणींचे वजन फार कमी आणि २४ जणींचे प्रमाणाबाहेर निघाले. कमी खाणे आणि जास्त खाणे ही आता दोन वेगळ्या देशांची दुखणी राहिलेली नाहीत.

बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू देण्याची आपली रीत चांगलीच आहे. लाडवात तूप, गूळ, सुकामेवा. थोड्या घासात पुष्कळ उष्मांक. पण सव्वा महिना झाला की लाडवांचा डबा रिकामा होतो आणि बाई कामाला लागते. गरज सहा महिने ६०० ची आणि लाडू सव्वा महिन्याचे, हा हिशेब जुळत नाही. लाडू परवडत नसतील तर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा रोज द्यावा; ३० ग्रॅम दाण्यांचे १६५, तितक्याच गुळाचे शंभरावर. घरच्या म्हशीचे पेलाभर दूध २०० च्या वर जाते. ते सगळेच्या सगळे डेअरीला घालण्यापूर्वी घरातल्या या ओळीकडे एकदा पाहावे. शिवाय, सुनेने सर्वांच्या मागून जेवावे हा नियम कोणत्या शास्त्रात आहे, ते मला अजून सापडलेले नाही. उष्मांक म्हणजे सर्वस्व नव्हे, रक्ताला लोह लागते, वाढीला प्रथिने लागतात; पण सरपणच अपुरे असेल तर प्रथिनेसुद्धा जळणात जातात.

गुरुजी आणि बाई, तुमच्या हाताशी तर तयार उदाहरण आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम, असे प्रमाण ठरलेले आहे. लहान मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मुलांनाच फळ्यावर बेरीज करू द्या. गुणाकाराचा तास त्यात सहज होऊन जातो. बिस्किटाचा कागदही आणायला सांगा. त्यावर ‘१०० ग्रॅममध्ये ४५०’ असे असते आणि पुडा असतो ६० ग्रॅमचा. तेव्हा पुड्यात किती? २७०, म्हणजे घरच्या भाकरीच्या जवळपास. मात्र कोणा मुलाला वर्गासमोर जाडा किंवा रोडका म्हणून उभे करू नका, आणि वाढत्या मुलांना कमी खाण्याचा उपदेश तर करूच नका.

खुणा बरोबर पडतात की नाही, याचा ताळा वजनाने करावा. रोज काट्यावर चढू नये, पाण्याच्या कमीअधिकाने वजन किलोभर हलते. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. गावात दुसरा काटा नसेल तर गिरणीतला चालेल. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण तोडू नये; साखर एकाएकी उतरून चक्कर येते. आणि पाजणाऱ्या आईचे वजन बाळंतपणानंतर थोडे उतरणारच, पण ते महिन्यामागून महिना घसरतच राहिले, तर आशाताईंना सांगून तिला उपकेंद्रात न्यावे आणि रक्तही तपासून घ्यावे. जाताना दिनदर्शिकेचे ते पान बरोबर न्या. तिने काय खाल्ले, हे विचारल्यावर सासू किंवा नवरा काय सांगतो यापेक्षा त्या रेघांचा तिथे अधिक उपयोग होईल.