एकोणीस वर्षांचा ‘वडीलधारा’: परक्या देशात मॉर्मन मिशनरी पोरं कशी राहतात?

माझा मामेभाऊ पाच वर्षांपासून जपानमध्ये आहे, नागोयाजवळच्या एका कारखान्यात. गेल्या पावसाळ्यात व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता म्हणाला, “दादा, काल स्टेशनसमोर दोन गोरी पोरं भेटली. पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, सोबत सायकली. वय जेमतेम एकोणीस-वीस. आणि जपानी असली बोलत होती, की मलाच लाज वाटली. मी पाच वर्षांत दुकानात भाव विचारण्यापलीकडं गेलेलो नाही.” पोरांनी त्याला फुकट इंग्रजी शिकवतो म्हणून सांगितलं आणि एक पत्रक दिलं. कोण असतात ही पोरं, असं त्यानं मला विचारलं.

ती पोरं मॉर्मन मिशनरी. चर्चचं अधिकृत नाव लांबलचक आहे, ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. अलीकडे चर्चचा आग्रह असतो की ‘मॉर्मन’ न म्हणता हेच नाव वापरावं, पण जगाच्या तोंडी मॉर्मनच बसलं आहे. १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ काढला. आज मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला. बायबलच्या जोडीला ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा धर्मग्रंथ. बहुपत्नीत्वाचं जे लोकांच्या डोक्यात असतं, ते या मुख्य चर्चनं १८९० मध्येच अधिकृतपणे थांबवलं.

आपल्या भागात मिशनरी म्हटलं की मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल आठवतं, जुन्या शाळा आठवतात. गोव्याकडच्या वाचकांना फादर स्टीफन्स आठवतील. १५७९ मध्ये इंग्लंडचा हा माणूस गोव्यात आला, इथली भाषा शिकला, मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं आणि चाळीस वर्षांनी इथंच वारला. हे मिशनरी आयुष्यभरासाठी आलेले. मॉर्मन पोरांचं तसं नाही. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष, की परत घरी. मग कॉलेज, नोकरी, लग्न. पाद्री वगैरे कुणी होत नाही. २०१२ मध्ये चर्चनं मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं, तेव्हापासून बारावी सुटलेलं पोरगंही जाऊ शकतं. आजघडीला जगभरात असे सत्तर हजारांहून जास्त मिशनरी आहेत.

देश आपण निवडायचा नाही. अर्ज करायचा, वैद्यकीय तपासणी करून घ्यायची, स्थानिक बिशपला मुलाखत द्यायची आणि वाट बघायची. मुख्यालयातून उत्तर येतं: ब्राझील, घाना, फिलिपिन्स किंवा शेजारचंच अमेरिकन राज्य. उत्तर आलं की सगळं कुटुंब जमवून ते वाचायची तिकडं पद्धत आहे. आपल्याकडं बँकेच्या परीक्षेचा निकाल बघायला गल्ली जमते, तसं समजा. जपान निघालं, तर साधारण नऊ आठवडे भाषेचं प्रशिक्षण. नऊ आठवड्यांत जपानी! तेवढ्यात प्रार्थना कशी करायची, स्वतःची ओळख कशी सांगायची आणि पाच-सहा ठरावीक विषय कसे मांडायचे एवढंच येतं. उरलेली भाषा रस्त्यावर शिकायची.

साडेसहा ते साडेदहा

दिवस सकाळी साडेसहाला सुरू. व्यायाम, अंघोळ, नाश्ता, मग धर्मग्रंथ आणि भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर पडायचं. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत परत. साडेदहाला दिवे बंद. अलीकडे वेळापत्रकात थोडी मोकळीक आली आहे, पण सांगाडा हाच. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मैत्रीण नाही, हवी ती गाणी नाहीत. मोबाइल मिळतो, पण कामापुरता. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळ्याच मॉर्मनांना वर्ज्य.

जपानमध्ये हा चहाचा नियम किती जड जात असेल, विचार करा. कुणाच्या घरी गेलं की पहिल्यांदा हिरवा चहा पुढं येतो. नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान केल्यासारखं. मग ही पोरं मान लवून, माफी मागून, आम्हाला सातूचा काढा किंवा साधं पाणी चालेल म्हणतात. सातू भाजून केलेला ‘मुगिचा’ चालतो, कारण त्यात चहाची पत्ती नसते. चहाला नाही म्हणायचं अवघड दुखणं आपल्या पाहुणचारातही आहेच.

आणखी एक गंमत. मुलग्या मिशनरीला ‘एल्डर’ म्हणतात, म्हणजे वडीलधारा. पाटीवर पहिलं नाव नसतंच, एल्डर आणि आडनाव एवढंच. मुलींना ‘सिस्टर’. एल्डरला जपानीत शब्द आहे ‘चोरो’. आपल्या कानाला भलताच ऐकू येतो, पण अर्थ तोच, आदरणीय ज्येष्ठ. मिशीही नीट न फुटलेल्या पोराला साठीची जपानी बाई ‘चोरो’ म्हणून हाक मारते.

सगळ्यात कडक नियम जोडीदाराचा. मिशनरी कधीही एकटा नसतो. न्हाणीघर सोडलं तर चोवीस तास जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या अंतरात पाहिजे. हा जोडीदार निवडता येत नाही. कधी टेक्सासचं शेतकऱ्याचं पोर आणि ओसाकाचा जपानी मुलगा अशी जोडी पडते. एक घोरतो, दुसऱ्याला झोप लागत नाही. एकाला रोज भात पाहिजे, दुसऱ्याला भाताचा कंटाळा. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. कुणाचं गाव बदलतं, कुणाचा जोडीदार. सगळ्यांवर एक मिशन अध्यक्ष असतो, तो आणि त्याची बायको तीन वर्षांसाठी आलेले असतात. पन्नाशीतला माणूस आणि त्याच्या हाताखाली शे-दीडशे पोरं, असा सगळा कारभार.

नऊ तास नकार

दिवसभर करायचं काय? ज्यांची ओळख झाली आहे त्यांच्याकडं जायचं, शिकवायचं, चर्चच्या जुन्या माणसांची विचारपूस करायची, आठवड्यातून एकदा फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग घ्यायचा. उरलेला वेळ माणसं शोधायची. स्टेशनबाहेर, बागेत, दारोदार. आता समाजमाध्यमांवरूनही.

जपानी माणूस कुणाच्या तोंडावर दार आपटत नाही. बेल वाजवली की भिंतीवरच्या इंटरकॉममधून मऊ आवाज येतो, “केक्को देस.” म्हणजे नको, आहे ते ठीक आहे. दुसरं दार, तेच. शंभर दारं वाजवून एकही उघडलं नाही, असा दिवस तिथं नवल नाही. जूनमध्ये पावसाची झड, सप्टेंबरात वादळं, उत्तरेला साप्पोरोकडं गुडघाभर बर्फ. सायकल चालूच.

पोरांना हे नवं वाटतं, पण जपानचा इतिहास सुरुवातीपासून असाच आहे. पहिले चार मॉर्मन मिशनरी १९०१ च्या ऑगस्टमध्ये योकोहामाला उतरले. पुढारी हेबर ग्रँट पुढं संपूर्ण चर्चचे अध्यक्ष झाले, पण जपानी भाषेनं त्यांना दाद दिली नाही. त्यांच्यातला सगळ्यात लहान आल्मा टेलर, वय एकोणीस. तो राहिला आठ वर्षांवर, भाषा शिकला आणि १९०९ मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ जपानीत आणलं. एवढं करूनही १९२४ मध्ये मिशन बंद करावं लागलं. टोकियोचा भूकंप होऊन वर्ष झालेलं, अमेरिकेनं जपानी स्थलांतरितांवर बंदी घातलेली, लोकांत राग. तेवीस वर्षांची कमाई दोनशे माणसंसुद्धा नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, १९८० मध्ये टोकियोत मंदिर झालं. आज नोंदीवर सव्वा लाखाच्या वर सभासद आहेत, पण रविवारी बाकांवर दिसतात त्याहून खूपच कमी.

याचं एक कारण टार्गेट. मी कॉमर्सचा माणूस, विक्रीच्या आकड्यांपायी काय होतं ते पाहिलेलं आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या काही भागांत बाप्तिस्म्यांची संख्या वाढवायची चढाओढ लागली. भराभर नोंदी झाल्या आणि त्यातली बरीच माणसं पुन्हा चर्चची पायरी चढली नाहीत. खुद्द मॉर्मन अभ्यासकांनीच त्यावर टीका केली आहे.

खर्च कुणाचा?

हे माझ्या आवडीचं प्रकरण. मिशनरीला पगार नसतो. उलट पैसे तोच भरतो, किंवा त्याचे आईबाप. पूर्वी ज्या गावी पोरगं गेलं तिथला जो खर्च येईल तो घरच्यांनी थेट पाठवायचा. म्हणजे ज्याचं पोर टोकियोला त्याचं दिवाळं, आणि ज्याचं स्वस्त देशात तो निवांत. एका मॉर्मन दांपत्यानं दोन मुलग्यांना पाठवलेला हा खर्च धर्मादाय देणगी म्हणून आयकरातून वजा मागितला. वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९९० मध्ये कोर्टानं सांगितलं, पैसे मुलाच्या खात्यात गेले, चर्चच्या ताब्यात नाही, वजावट मिळणार नाही. त्याच सुमाराला चर्चनं पद्धत बदलली. १९९१ पासून अमेरिका-कॅनडातल्या घरांनी एकच ठरावीक रक्कम चर्चकडं भरायची आणि चर्चनं गरजेप्रमाणं वाटायची. आधी महिन्याला ४०० डॉलर, जुलै २०२० पासून ५००. दोन वर्षांचे बारा हजार डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबात दहा लाखांच्या आसपास. बरीच पोरं शाळेत असल्यापासून गवत कापून, हॉटेलात काम करून यासाठी पैसे साठवतात. गरीब देशांतल्यांना चर्च हातभार लावतं. घरभाडं मिशन बघतं, हातखर्चाला महिन्याची रक्कम मिळते. ती पंचवीस तारखेला संपली तर पुढचे दिवस अंडी आणि भात.

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, ‘तयारीचा दिवस’. कपडे धुणं, बाजार, केस कापणं, जमलं तर जवळचा किल्ला बघणं. आणि घरी फोन. हा फोन फार महत्त्वाचा, कारण २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत तो नव्हता. वर्षातून दोनदाच घरचा आवाज ऐकायला मिळे, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी पत्रं, नंतर आठवड्याची ईमेल. आजी गेली तरी बहुतेक पोरं अंत्यविधीला परत जात नसत. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. मला विचाराल, तर हा बदल फार उशिरा झाला.

कारण सगळीच पोरं तगत नाहीत. घराची ओढ, भीती, नैराश्य, कधी श्रद्धाच डळमळते. काही जण सहा महिन्यांत परततात. चर्च आता समुपदेशनाची सोय करतं आणि अशा मुलांना सन्मानानं वागवा असं सांगतं, पण गाव ते गावच. “तो लवकर आला ना?” ही कुजबुज युटातही चुकत नाही. दोन वर्षं पुरी करून आलेल्याला लग्नाच्या बाजारातही मान असतो, त्यामुळं अर्ध्यातून आलेल्याला ते जास्तच लागतं. अपघातांचा धोका वेगळा. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉम्नी तरुणपणी फ्रान्समध्ये मिशनरी होते. १९६८ मध्ये ते चालवत असलेल्या गाडीला समोरून येणारी गाडी धडकली. मिशन अध्यक्षांची पत्नी त्यात गेली. रॉम्नी यांनाही आधी मृत समजलं गेलं होतं.

मिळतं ते मुख्यतः भाषेचं. जपानी टीव्हीवर १९८० च्या दशकात गाजलेले केंट गिल्बर्ट आणि केंट डेरिकॉट हे दोन अमेरिकन मूळचे मिशनरीच. सीमाभागात वाढलेल्या आपल्याला हे सांगायला नको. बाजारात दोन वाक्यं समोरच्याच्या भाषेत बोललं की भाव बदलतो, आणि चुकलं की हसतात तेही सोसावं लागतं.

आपल्याकडं धर्मांतर म्हटलं की आवाज चढतात. दुसऱ्याच्या दारात जाऊन तुझा देव अपुरा आहे असं सुचवणं मलाही पटत नाही. भारतात हे चर्च लहानच आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे मॉर्मन प्रचारक मुंबईत आले होते, पुण्यातही राहिले, पण ऐकणारे मुख्यतः छावणीतले युरोपियन आणि ते काम काही वर्षांतच थांबलं. अलीकडं हैदराबादला २०१२ मध्ये त्यांचा भारतातला पहिला मोठा विभाग झाला. इथं हे काम मुख्यतः भारतीय पोरंच करतात.

मामेभाऊ त्या इंग्रजी वर्गाला गेला नाही. पण ती पोरं स्टेशनवर भेटत राहिली. एकदा त्यानं त्यांना घरी बोलावून पिठलं-भात खायला घातला, धर्माचं बोलायचं नाही या अटीवर. त्यांनी अट पाळली. चहा घेतला नाही. दोन आठवड्यांनी त्यातल्या उंच मुलाची बदली झाली. त्याच्या जागी आलेला नवा पोरगा महिनाभरच जपानमध्ये होता. त्यानं मामेभावाला अडखळत तीच ओळख करून दिली आणि मधेच शब्द विसरला. मामेभावानं तो शब्द सांगितला. जपानीत आपण कुणाला काही शिकवायची त्याची ती पहिलीच वेळ, असं तो म्हणाला.