सायकलवाल्यांनी धावावे का?

अलीकडे पहाटे नेकनूरहून मांजरसुंब्याकडे निघाले की रस्त्यात सायकलवाले भेटतात. पूर्वी आपल्याकडे सायकल म्हटली की दुधाच्या किटल्या, शाळा आणि आठवडी बाजार. दुसरे वाहन परवडत नाही त्याने ती चालवायची. आता शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, कॉलेजची मुले हौसेने गिअरच्या सायकली घेऊन घाटापर्यंत जाऊन येतात. डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. यांच्यापैकी अनेकांनी दवाखान्यात एकच प्रश्न विचारला, “डॉक्टरसाहेब, सायकल तर रोज होते. सोबत पळायला पण पाहिजे का?”

होय, थोडे पळावे. मात्र सायकलवाल्याने पळायला सुरुवात करताना अगदी नवख्या माणसापेक्षाही जास्त जपावे. हे उलटे वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सायकलने हृदय व फुप्फुसे सुधारतात, मांड्या भरतात, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते. गुडघ्यावर आदळआपट नसल्याने वजनदार माणसालाही ती झेपते. पण तिच्याकडून एक काम होत नाही, ते हाडांचे. हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे. ते जिवंत असते. शरीर त्यातला जुना भाग सतत काढून टाकते आणि नवा भरते, आणि कोठे किती भरायचे हे त्या हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरवते. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने हा नियम १८९२ साली मांडला. त्याचा ढळढळीत पुरावा पुढे अंतराळवीरांमध्ये दिसला. तेथे शरीराला वजनच जाणवत नाही, म्हणून भार पेलणाऱ्या हाडांतील खनिजे महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटतात.

सायकलवर आपण अंतराळात नसतो हे खरे. पण अंगाचा बराचसा भार सीट आणि हँडल घेते. पायडल गोल फिरते, त्यात हादरा नाही. आणि हाडाला तर हादराच हवा असतो. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पायातून वर जातो, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला दीडशे किलोच्या आसपास. वर्षानुवर्षे फक्त सायकलच चालवणाऱ्या स्पर्धकांच्या तपासण्यांत कमरेच्या मणक्यांची घनता कमी आढळली आहे. आता कोणी म्हणेल, आम्ही कुठे स्पर्धेत उतरतो? जो माणूस सायकल सोडून उरलेला दिवस शेतात खुरपतो, पोती उचलतो, त्याला ही काळजी नाही. पण दिवसभर खुर्चीत किंवा गल्ल्यावर बसणारा माणूस व्यायामालाही सीटवरच बसतो, त्याच्या हाडांना काम मिळायचे कधी? चाळिशी उलटलेल्या बायकांसाठी तर हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. पाळी थांबल्यावर हाडे झपाट्याने झिजतात.

दुसरी गोष्ट स्नायूंची. धान्याचे पोते खांद्यावर चढवताना जोर लागतो, तसा ते हळूच खाली ठेवतानाही लागतो. या दुसऱ्या प्रकारात स्नायू ताणला जात असतानाच जोर धरून असतो. बालाघाटचा डोंगर चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे, त्याचे कारण हेच. सायकलमध्ये हे ‘उतरवण्याचे’ काम जवळजवळ नसतेच, तर धावताना ते प्रत्येक पावलाला असते. म्हणून घाट न थांबता चढणारा गडी पहिल्यांदा दोन किलोमीटर पळाला की पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना कठडा धरतो. हे दुखणे आपोआप जाते, त्यासाठी इंजेक्शन मागू नये.

खरा धोका याच्या पुढे आहे. सायकलमुळे हृदय आणि दम तयार झालेला असतो, म्हणून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळून होतात. नवखा माणूस दम लागून दहा मिनिटांत थांबतो आणि त्यामुळेच वाचतो. सायकलवाला थांबत नाही. अर्ध्या तासात साडेचार-पाच हजार पावले पडतात, आणि तेवढे हादरे अशा नडगीला बसतात जिने ते कधी सोसलेले नाहीत. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायू दोन-तीन महिन्यांत, पण हाड आणि कंडरा यांना त्याहून जास्त काळ लागतो.

माझ्याकडे आलेला एक तरुण सांगतो. दोन वर्षे हौसेने सायकल चालवायचा, रविवारी मित्रांबरोबर बीडला जाऊन यायचा. पोलीस भरतीची जाहिरात निघाली तसे त्याने रोज डांबरी रस्त्यावर पळायला सुरुवात केली. भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचे असते, आणि दम असल्याने ते त्याला सोपे वाटले. तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. त्याने मेडिकलमधून गोळ्या आणल्या, रोज एक खाऊन पळत राहिला. आला तेव्हा लंगडत होता. अंगठ्याने दाबले तर रुपयाएवढ्या एकाच जागी तो कळवळला. एक्स-रे साफ होता, आणि घरच्यांना वाटले डॉक्टर उगाच घाबरवतो. अशी केसासारखी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. पुन्हा काढलेल्या एक्स-रेत ती दिसली. दोन महिने पळणे बंद. त्या भरतीच्या मैदानावर तो उतरू शकला नाही.

म्हणून गोळी खाऊन पळू नका. दुखणे ही शरीराने वाजवलेली घंटा आहे. गोळीने घंटा बंद होते, चीर नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हात, अंगातले पाणी आटलेले असताना या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

आपल्या जिल्ह्यातील मुले अविनाश साबळे यांचे नाव घेतात, आणि घ्यावेच. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या या धावपटूने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन रौप्यपदक घेतले, आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पण लहानपणी ते लांबच्या शाळेत चालत-पळत जात. त्या पायांच्या हाडांना वाढीच्या वयातच सवय लागलेली होती. गल्ल्यावर बसणाऱ्या चाळिशीच्या पायांनी त्यांच्याशी पैज लावू नये.

मग सुरुवात कशी करावी? आठवड्यातून दोनच दिवस, लागोपाठ नव्हे. डांबरी रस्त्यापेक्षा शाळेचे मैदान किंवा मातीची सपाट पायवाट बरी. पाच मिनिटे झपझप चाला, मग एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला, असे वीस मिनिटे. हे हास्यास्पद वाटेल. वाटू द्या. दर आठवड्याला पळणे थोडे वाढवत, चालणे कमी करत दोन-अडीच महिन्यांत वीस-पंचवीस मिनिटे सलग पळता आले तरी पुष्कळ झाले. पावले लहान आणि पटापट टाका. लांब ढांग टाकून टाचेवर आदळू नका. सोबत्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवा. लांब सायकल झाल्यावर त्याच दिवशी पळू नका. आयर्नमॅन स्पर्धेत १८० किलोमीटर सायकलनंतर ४२ किलोमीटर पळतात खरे, पण त्यामागे कित्येक महिन्यांची शिस्तशीर तयारी असते. बूट पळण्याचेच हवेत, महाग नसले तरी चालेल. झिजलेले मात्र नकोत.

“पळून गुडघे झिजतात” असे घरोघरी ऐकू येते. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यात गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौसेने पळणाऱ्यांत साडेतीन टक्के, अजिबात न पळणाऱ्यांत सुमारे दहा टक्के, आणि स्पर्धात्मक धावपटूंत तेरा टक्क्यांच्या आसपास आढळली. म्हणजे बेताने पळणाऱ्याचे बरे चालले आहे. ज्यांचे गुडघे आधीच झिजलेले, सुजलेले आहेत किंवा वजन फारच जास्त आहे, त्यांनी मात्र सायकलच चालवावी.

चाळिशीपुढे मधुमेह, रक्तदाब, बिडी-तंबाखू यांपैकी काही असेल किंवा घरात कमी वयात कोणाला हृदयविकार झाला असेल, तर पळण्याआधी तपासून घ्या. पळताना छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा भरून आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. “गॅस असेल” म्हणून सोडा पिऊन घरी झोपणारे मी या गावात पुष्कळ पाहिले आहेत.

ज्यांना पळायला जागा नाही किंवा संकोच वाटतो (आपल्याकडे बायकांना तो वाटतोच), त्यांच्यासाठी अंगणातल्या दोरीवरच्या उड्या आहेत. सुरुवातीला वीस-पंचवीस, आठवड्यातून तीन दिवस, बूट घालून. जिना चढणे-उतरणे आणि जुन्या बैठकाही उपयोगी आहेत. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतो आणि घोटा मुरगळतो. तेवढे दिवस पळणे सोडून घरातच बैठका काढा.